पडद्यावरील खिडक्यांचें बांधकाम



आजच्या भाषणाचें नांव ऐकून हा कोणी सुतारकाम शिकविणारा मनुष्य दिसतो, असें आपल्यापैकीं पुष्कळांना वाटलें असेल. खिडक्या बांधावयाच्या आहेत हें खरें. पण त्या लांकडाच्या नव्हेत आणि भिंतींतल्याहि नव्हेत. संगणकाच्या पडद्यावर आपण एका चौकटींत पत्र लिहितों, दुसरींत हिशेब मांडतों, तिसरींत नातवाचें छायाचित्र पाहतों. एक चौकट बाजूला सारली कीं तिच्याखालची दिसूं लागते. या चौकटींना जगभर खिडक्या असेंच म्हणतात. त्यांच्यामागें एक मोठी यंत्रणा राबत असते. ही यंत्रणा तयार आणून न बसवितां तिच्या मूळ संहितेपासून आपल्या हातानें घडवितां येते, हें मला आज सांगावयाचें आहे. तें धाराशिवसारख्या ठिकाणीं बसून कां सांगावयाचें, तें ओघानें येईलच.

मूळ संहिता म्हणजे काय, हें आमच्या जिल्ह्यांतील माणसाला सांगणें फारसें अवघड नाहीं. भूम व कुंथलगिरीकडचा खवा जिल्ह्याबाहेरहि नांवाजलेला आहे. कढई भट्टीवर चढवावी, दूध सारखें ढवळीत आटवावें, तेव्हां खवा होतो. त्या खव्याचा पेढा करतां येतो, बर्फी करतां येते. पण कितीहि खटपट केली तरी त्याचें पुन्हां दूध होत नाहीं. दुधांत पाणी किती होतें, आंच कितपत दिली, हें खवा विकत घेणाराला चवीवरून अंदाजानें ओळखावें लागतें. संगणकाच्या सॉफ्टवेअरचेंहि असेंच आहे. लेखक लिहितो ती संहिता माणसाला वाचतां येते. तींत शब्द असतात, टीपा असतात, क्वचित् लेखकाचा वैतागहि असतो. कंपायलर नांवाचा प्रोग्रॅम ती आटवून यंत्राला कळणारे शून्य व एक यांचे आंकडे तयार करतो. बाजारांत आपल्याला मिळतें तें बहुधा हें आटविलेलें रूप. आंकड्यांवरून संहिता पुन्हां जुळविण्याचे प्रयत्न होतात, नाहीं असें नाहीं. परंतु लेखकाच्या टीपा आणि त्याचा हेतु त्यांतून परत येत नाहींत.

पेढा खाणारानें दुधाची चौकशी कशाला करावी, असें कोणी म्हणेल. रोज कोणी करीतहि नाहीं. पण दुकान बंद झालें म्हणजे प्रश्न उभा राहतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. तिच्या पुढची विंडोज ११ ही प्रणाली टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय आणि अलीकडच्या कांहीं वर्षांतलाच प्रोसेसर मागते. ज्या संगणकांत हें नाहीं, ते हातींपायीं धडधाकट असूनहि त्या पंक्तीला बसूं शकत नाहींत. मोठ्या शहरांतील कचेरी असे संगणक काढून टाकून नवे घेते. जिल्ह्याच्या गांवची शाळा, वाचनालय किंवा लहानशी पतसंस्था यांना तें इतकें सहज जमत नाहीं. तेथें यंत्र चालतें आहे तोंवर चालवावयाचें असतें. अशा यंत्रांवर लिनक्स किंवा फ्रीबीएसडी यांसारखी मुक्त प्रणाली बसवितां येते. या प्रणाली युनिक्सच्या घराण्यांतल्या. युनिक्सचा पाया १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं घातला. लिनक्स हें फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं सुरू केलें. फ्रीबीएसडी १९९३ चें. या दोन्ही मुक्त प्रणालींची संहिता कोणासहि मिळते, वाचतां येते, बदलतां येते.

मात्र युनिक्स जन्मलें तेव्हां त्याला खिडक्या नव्हत्या. आज्ञा टंकावी आणि उत्तराची वाट पाहावी, एवढाच त्याचा संसार. खिडक्या मागाहून आल्या, आणि त्याहि निराळ्याच घरून.

अमेरिकेंतील केंब्रिज येथें एमआयटी ही तंत्रविद्येची सुप्रसिद्ध संस्था आहे. तेथें १९८३ मध्यें अथेना नांवाचा प्रकल्प निघाला. विद्यार्थ्यांसाठीं पुष्कळ संगणक मांडावयाचे, पण ते एकाच कंपनीचे नसणार. तेव्हां एका यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्या कोणत्याहि यंत्राच्या पडद्यावर दिसावा, अशी गरज उत्पन्न झाली. बॉब शाइफ्लर यांनीं १९ जून १९८४ रोजीं आपल्या नव्या यंत्रणेची वार्ता सहकाऱ्यांस कळविली. पुढें जिम गेटिस यांचेंहि तिला मोठें साहाय्य झालें. स्टॅनफर्ड विद्यापीठांत पॉल असेंट व ब्रायन रीड यांनीं पूर्वीं केलेल्या यंत्रणेचें नांव डब्ल्यू असें होतें. तिच्यावरून ही निघाली, म्हणून इंग्रजी वर्णमालेंतलें पुढचें अक्षर घेऊन हिला एक्स म्हटलें. बारसें इतकें साधें! सप्टेंबर १९८७ मध्यें एक्सची अकरावी आवृत्ति निघाली, आणि आश्चर्य असें कीं, तीच अकरावी आवृत्ति अजून चालूं आहे. आंतलें लांकूड न् लांकूड बदललें. पण प्रोग्रॅमनें खिडकी कशी मागावी आणि यंत्रणेनें काय उत्तर द्यावें, हा बोलण्याचा करार तोच राहिला.

हा करार समजून घेण्यास नळदुर्गाचा पाणीमहाल उपयोगी पडेल. बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकीर्दींत जो बंधारा बांधला गेला, त्याच्या पोटांतच हा महाल आहे. पावसाळ्यांत नर व मादी हे दोन धबधबे कोसळूं लागले म्हणजे आपण महालाच्या गवाक्षांत कोरड्या अंगानें बसून पाण्याचा तो पडदा पाहतों. पाणी अडविणें, वळविणें, सोडणें हें सारें बंधाऱ्याकडे. बसणाराकडे केवळ पाहणें. एक्समध्येंहि असेंच आहे. पडदा, कळफलक व माउस हें तेथलें पाणी. त्याला हात लावण्याचा अधिकार सर्व्हर नांवाच्या एकाच प्रोग्रॅमला असतो. बाकीचे सारे प्रोग्रॅम हे त्याचे गिऱ्हाईक. 'मला अमुक लांबीरुंदीची जागा द्या, तींत ही रेघ ओढा, कोणी कळ दाबली तर मला कळवा,' असें ते त्याला सांगत असतात. सर्व्हर म्हटलें कीं दूर कोठें तरी गार खोलींत ठेवलेलें मोठें यंत्र, अशी आपली समजूत असते. एक्समध्यें गंमत अशी कीं सर्व्हर आपल्या टेबलावर आणि गिऱ्हाईक दूरच्या गांवीं, असें होऊं शकतें. पुण्याच्या संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रॅमची खिडकी धाराशिवांतील पडद्यावर उघडते ती यामुळेंच. शिवाय खिडकीला कड लावणें, तिचा मथळा रंगविणें, ती उचलून दुसरीकडे ठेवणें, हें कामहि सर्व्हर स्वतः करीत नाहीं. तें खिडक्यांच्या व्यवस्थापकाकडे सोंपविलेलें असतें, आणि तो व्यवस्थापकहि एक गिऱ्हाईकच.

आतां प्रत्यक्ष बांधकाम. घरगुती संगणकांवर एक्स आणण्याचें श्रेय १९९२ सालीं सुरू झालेल्या एक्सफ्री८६ या मंडळीला आहे. २००४ सालीं परवान्याच्या शब्दांवरून तींत वाद माजला आणि काम करणारे बहुतेक लोक एक्स.ऑर्ग या प्रतिष्ठानाकडे आले. तोंवर सगळी संहिता एकाच अवाढव्य गाठोड्यांत येत असे. तें सोडावें, 'मेक वर्ल्ड' ही आज्ञा द्यावी आणि तासन्‌तास वाट पाहावी. आज्ञेचें नांव मोठें डौलदार, 'जग निर्माण कर'! पण एखाद्या ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमधील चार ओळी सुधारल्या, तरी त्या लोकांच्या हातीं पडावयास नव्या जगाची वाट पाहावी लागे. २१ डिसेंबर २००५ रोजीं एक्स.ऑर्गनें तीच संहिता दोन रूपांत प्रसिद्ध केली: ६.९ हें शेवटचें गाठोडें आणि ७.० हे सुटे भाग. तेव्हांपासून भाग सुटे झाले आणि बांधणाराच्या डोक्यावर क्रमाचें ओझें आलें.

जुन्या व्यवस्थेंत एक्सचें बिऱ्हाड यूएसआर या कप्प्याखालीं, एक्स११आर६ नांवाच्या स्वतंत्र दालनांत असे. तें मोडलें; पण जुने प्रोग्रॅम जुन्याच पत्त्यावर विचारीत येत, म्हणून कित्येक ठिकाणीं जुन्या नांवाची पाटी ठेवून तिच्यावरून नव्या जागेकडे बोट दाखविण्यांत आलें. आमच्या जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं अधिकृतपणें उस्मानाबादचें धाराशिव झालें. उस्मानाबाद असें विचारीत येणाऱ्या पाहुण्याला आम्हीहि बोटानेंच वाट दाखवितों.

क्रमाविषयीं मात्र थोडें सविस्तर बोललें पाहिजे, कारण सारें शिक्षण तेथें आहे. प्रथम येतें युटिल-मॅक्रोज. तीं पुढच्या बांधकामाचीं हत्यारें. मग एक्स.ऑर्ग-प्रोटो, म्हणजे नुसते करारनामे. त्यांत चालणारें असें कांहींच नाहीं. कोणत्या विनंतीला कोणता आंकडा, एवढेंच लिहिलेलें. मग सर्व्हरच्या दारांत कोणाला येऊं द्यावें हें पाहणाऱ्या दोन लहान लायब्रऱ्या. मग एक्ससीबी, जी निरोप तारेवरून नेते. हिच्यांतला बराचसा भाग मनुष्य लिहीतच नाहीं. कराराचें वर्णन वाचून पायथन भाषेंतला एक प्रोग्रॅम तो लिहून काढतो. त्यावर एक्सलिब आणि तिच्या भगिनी. लायब्रऱ्यांची ही यादीच तीसांच्या आसपास जाते. पुढें चित्रकामासाठीं मेसा, मग टंक, मग कळफलकाची माहिती, आणि एवढें सगळें झाल्यावर प्रत्यक्ष सर्व्हर. ज्याला आपण एक्स म्हणतों, तो अशा रीतीनें जवळजवळ शेवटीं येतो. देवळाचा कळस पाहणाराला जोत्याखालीं किती दगड गाडले आहेत हें कळत नाहीं. येथें तो एकेक दगड नांवानिशीं आपल्या हातून जातो.

क्रम चुकला कीं कंपायलर अमुक फाइल सांपडली नाहीं, असें सांगतो आणि थांबतो. नवशिका मनुष्य अशा वेळीं निरोपाची शेवटची ओळ वाचून हताश होतो. खरें कारण बहुधा बरेंच वर, पहिल्या तक्रारींत असतें. खालच्या साऱ्या तक्रारी तिचींच पोरें. पुष्कळदां फाइल यंत्रांत असतेहि, पण कोठें आहे हें बांधणाऱ्या प्रोग्रॅमला ठाऊक नसतें. ही माहिती ठेवणारा पीकेजी-कॉन्फिग नांवाचा एक लहानसा प्रोग्रॅम आहे. त्याला मी या मुलखाचा तलाठी म्हणतों. कोणती लायब्ररी कोठें आहे, तिची आवृत्ति कोणती, ती आणखी कोणावर अवलंबून आहे, याचे उतारे त्याच्या दप्तरांत असतात. आपण नवें बांधकाम स्वतंत्र दालनांत करीत असलों, तर तेथलेंहि दप्तर पाहावयास त्याला सांगावें लागतें; नाहींतर तो जुन्या उताऱ्यावरून बेधडक जुनी जमीन दाखवितो. बांधकाम स्वतंत्र दालनांत करावें, हाच माझा आग्रह आहे. यंत्रावर आधीं असलेलें एक्स तसेंच राहूं द्यावें. एक्सच्याच संहितेंतून झेफिर नांवाचा एक सर्व्हर तयार होतो. तो चालू पडद्यावरील एका खिडकींत आपला स्वतःचा पडदा उघडतो. या खिडकींतल्या खिडकींत नव्या कामाची परीक्षा घेतली, तर घरांतल्या दुसऱ्या कोणाचें पत्र अर्धवट राहत नाहीं.

आमच्या भागांत आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो, ती म्हणजे वीज. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रांत भारनियमन किती कडक होतें, हें मराठवाड्यांतील घरांना सांगावयास नको. आजहि वळवाचा पाऊस आला कीं दिवे जातात. जें काम जुन्या यंत्रावर रात्रभर चालावयाचें, तें अशा स्थितींत पुरें कसें व्हावें? याचें उत्तर बेल प्रयोगशाळेंतच स्टुअर्ट फेल्डमन यांनीं १९७६ सालीं देऊन ठेवलें आहे. त्यांच्या 'मेक' या प्रोग्रॅमचें तत्त्व एका ओळींत सांगतां येतें: संहितेची फाइल आणि तिच्यापासून झालेली फाइल यांच्या वेळा ताडून पाहाव्यात, झालेली फाइल नवी असेल तर त्या कामाला पुन्हां हात लावूं नये. त्यामुळें वीज गेली व आली, तरी मेक आरंभापासून सुरुवात करीत नाहीं. जेथें काम थांबलें तेथून उचलतो. मात्र यांत एक फसगत आहे. वीज जातांना जी फाइल लिहिली जात होती, ती अर्धी किंवा कोरीच राहिलेली असते, आणि तिची वेळ मात्र नवी! मेक तिला पुरी झालेली समजून पुढें जातो, आणि तासाभरानें भलत्याच ठिकाणीं अनाकलनीय तक्रार निघते. म्हणून वीज आल्यावर शेवटच्या चार-पांच मिनिटांतल्या फाइली काढून टाकाव्या आणि मग पुढें चालावें. जुन्या यंत्रांत दुसरी एक व्याधि असते. त्यांच्या घड्याळाचा लहानसा सेल मेलेला असतो आणि वीज आल्यावर यंत्र कित्येक वर्षें मागची तारीख धरून बसतें. मग सारी संहिता भविष्यकाळांत लिहिलेली ठरते आणि मेक तेंच काम पुन्हां पुन्हां करीत राहतो. सेल अगदीं थोड्या किंमतीचा असतो. बांधकामास हात घालण्यापूर्वीं तो पालटावा.

सगळें जुळून आलें आणि स्टार्टएक्स ही आज्ञा दिली कीं काय दिसतें? कित्येक लोक येथें निराश होतात. काळा पडदा, वर एक गोल घड्याळ, आणि पांढऱ्या तीन साध्या चौकटी. मूळ प्रघाताप्रमाणें टीडब्ल्यूएम हा १९८७ सालचा व्यवस्थापक, एक्सक्लॉक हें घड्याळ आणि एक्सटर्म ही आज्ञा टंकावयाची खिडकी, एवढेंच उघडतें. त्यांतली एक ठराविक एक्सटर्म बंद केली तर सगळाच डेरा उठतो. ज्यानें रात्र जागवून हें बांधलें त्याला मात्र तें घड्याळ राजवाड्याहून सुंदर वाटतें, कारण त्याचा कांटा हलतो तो कोणाकोणाच्या हातून हलतो, हें त्याला ठाऊक असतें.

यापुढचा प्रश्न आपला मराठीचा आहे. एक्सची जुनी अक्षरव्यवस्था इंग्रजीच्या सोयीची. एक आंकडा म्हणजे एक ठसा, आणि ठशामागून ठसा डावीकडून उजवीकडे, असा तिचा सरळ हिशेब. आपल्या लिपीला तो कोठून पुरणार? 'कि' मध्यें वेलांटी मागून उच्चारावयाची पण आधीं काढावयाची. 'सूर्य' मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढावयाचा. २००० सालीं कीथ पॅकार्ड यांनीं रेंडर नांवाची जोड दिली. त्यानंतर अक्षरें काढण्याचें काम हळूहळू सर्व्हरकडून गिऱ्हाईकाकडे आलें आणि तेथें लिपीचे नियम जाणणाऱ्या लायब्रऱ्या उभ्या राहिल्या. त्यांतली आजची मुख्य म्हणजे बेहदाद एस्फहबोद यांची हर्फबझ. नांव फारसी आहे. आमच्या जिल्ह्यावर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता आणि दप्तर उर्दूंत चाले, त्यामुळें हर्फ हा शब्द येथल्या जुन्या घरांना परका वाटूं नये.

पण नुसती देवनागरी साधली म्हणजे मराठी साधत नाहीं. 'आचार्यांना जेवावयास बोलवा' आणि 'आचाऱ्यांना जेवावयास बोलवा' या दोन वाक्यांत कोणाच्या पानांत काय पडणार याचा मोठाच फरक आहे. आणि तो सारा फरक रफार व चंद्रकोरीसारखा आडवा र, या दोन खुणांत सामावलेला आहे. हिंदीला या आडव्या र ची गरज नाहीं. मराठी ल आणि श यांचें वळणहि निराळें. केंब्रिजमध्यें बसलेल्या कोणाला हें सुचण्याचें कारण नव्हतें, आणि त्यांत त्यांचा दोष नाहीं. संहिता उघडी होती, म्हणून ज्यांना हा भेद खटकला त्यांना तो तेथें घालतां आला. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं ठरविलेला इनस्क्रिप्ट कळफलकहि एक्सच्या कळफलक-माहितींत आहे, आणि ती माहिती म्हणजे साधी वाचतां येण्याजोगी मजकुराची फाइल आहे. कोणत्या कळेवर ळ असावा याचा निर्णय एखाद्या शिक्षकालाहि ती फाइल उघडून पाहतां येतो, बदलतां येतो. विकत घेतलेल्या यंत्रणेंत ळ चुकीच्या जागीं असला, तर विनंतीचें पत्र लिहावें आणि उत्तराची वाट पाहावी, याहून अधिक आपल्या हातीं फार थोडें असतें.

हें सारें सर्वांनीं करावें असें माझें म्हणणें नाहीं. तयार बांधलेल्या मुक्त प्रणाली मिळतात. वाचनालयानें त्याच घ्याव्यात, त्यांत वेळ वांचतो. पण जिल्ह्यांत चारपांच तरी तरुण असे हवेत, कीं ज्यांनीं हा डोलारा एकदां पायापासून उभा केला आहे. कारण तयार प्रणाली बांधणारे जेव्हां एखादें जुनें यंत्र सोडून देतात, तेव्हां तें पुन्हां चालविणें त्यांनाच शक्य होतें. ही वेळ आतां आलीच आहे. क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनीं २००८ सालीं वेलँड नांवाची नवी यंत्रणा आरंभिली. तींत सर्व्हर आणि खिडक्यांचा व्यवस्थापक एकच केलेले आहेत, आणि रचना पुष्कळ आटोपशीर आहे. २०२५ सालीं रेड हॅट कंपनीनें आपल्या दहाव्या आवृत्तींतून एक्सचा स्वतंत्र सर्व्हर काढून टाकला. नवें तें चांगलें आहे, हें मी मोकळेपणें मान्य करतों. पण जुनीं ग्राफिक्स कार्डें त्याला सरसकट साथ देत नाहींत, आणि आमच्याकडे तींच पुष्कळ आहेत. जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून वेलँडच्या पोटांत एक्सवेलँड नांवाचा एक सर्व्हर ठेवलेला असतो. तो एक्सच्याच संहितेंतून निघालेला आहे. आज कोणी तो बांधावयास बसला, तरी एक्स.ऑर्ग-प्रोटोचे ते करारनामे त्याला आधीं मांडावे लागतात.